विज्ञानाशी संबंध नसलेली बाई

कळंबजवळच्या जलजीव संशोधन केंद्रात झेब्रा माशाचं हृदय कापायचं, तर आधी नीतिसमितीची मंजुरी लागते. आणि समितीत एक सदस्य विज्ञानाशी काडीचाही संबंध नसलेला लागतो. बोटाच्या दोन पेरांएवढ्या त्या पट्टेरी जिवाच्या वतीनं साध्या माणसानं बोलावं, हा नियमाचा उदात्त हेतू.

केंद्रानं शोध घेतला. मास्तर बाद, कारण ते पाचवीला विज्ञान शिकवत. कंपाउंडर बाद. औषधफवारणीवाला बाद, त्याच्याकडे चक्क प्रमाणपत्र निघालं. अखेर पिंपळवंडीच्या साळुबाई सापडल्या. स्वतःच्या नावावर सहा एकर, हाताखाली तीन सुना, शिक्षण दुसरी.

"पुरावा लागंल आजी," कारकून दादाभाऊ म्हणाले. "विज्ञान येत नसल्याचा दाखला."

"आरं, न येणाऱ्या गोष्टींचं दाखलं वाटाय लागलं, तर तुझ्या हापिसात कागद पुरायचा न्हाई!"

तरी शाळेनं दाखला दिला : 'विज्ञान विषय सुरू होण्यापूर्वीच शाळा सोडली. वर्तणूक चांगली.' साळुबाईंनी तो भावकीत घरोघर फिरवला. केंद्राची गाडी जिच्या दारात आली, अशी भावकीतली पहिली बाई! मोठमोठ्या सायबांचं काम आता आपल्या सहीवाचून अडतं, हे त्यांनी ओझरच्या देवळात रांगेतल्या अनोळखी बायांनाही सांगितलं.

बैठकीत चहा आला, बिस्किटं आली, मग छत्तीस पानांचा प्रस्ताव आला. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली होती. बाकीच्या सदस्यांचा चहा निवायच्या आत सह्या झाल्या. साळुबाई अक्षराला अक्षर लावून पहिलं पान वाचत होत्या.

"आजी, नुसती सही करायचीय," केंद्रप्रमुख डॉ. मोहिनी हसून म्हणाल्या.

"बाई, मी माशाकडनं आलेय. त्याचं काळीज कशापायी कापता?"

"कापलेलं पुन्हा वाढतं का, हे बघायला."

"मागल्या साली कापलं व्हतं, तवा?"

"वाढलं."

"आन् त्याच्या मागल्या साली?"

"तेव्हाही वाढलं."

"मग औंदा काय, मासा इसरला असंल म्हून बघता व्हय?"

दादाभाऊंनी इतिवृत्तात नोंदवलं : 'सदस्यांनी समाधान व्यक्त केले.'

साळुबाईंनी पेन खाली ठेवलं. आधी मासे दाखवा. दाखवावे लागले. शेवटच्या टाकीपुढं त्या थबकल्या.

"ह्ये समदे वर तोंड करून आ वासत्यात. हवेचा पंप बंद दिसतोय. दम लागलाय त्यास्नी."

पंप दिवाळीपासून बंद होता. माशांची ती धाप मात्र, 'नव्या हृदयाचा उत्साह' म्हणून, केंद्राच्या एका शोधनिबंधात छापूनही आली होती.

पुढं सगळं नियमानं झालं. तातडीच्या बैठकीत ठरलं, की साळुबाईंनी प्रश्न विचारला, स्वतः डोळ्यांनी पाहिलं आणि पाहिल्यावरून अनुमान काढलं. ही तिन्ही लक्षणं विज्ञानाची. सबब त्यांचा विज्ञानाशी संबंध सिद्ध होतो, सदस्यत्व रद्द. उर्वरित सदस्यांत असं एकही लक्षण आढळलं नाही. त्यांची शास्त्रज्ञपदं कायम.

रद्दचं पत्र आणि तोच प्रस्ताव घेऊन दादाभाऊ पिंपळवंडीला आले. ओट्यावर भावकी जमलेली.

"आजी, अजून येळ गेली न्हाई," ते हळूच म्हणाले. "फुलीवर सही करा, म्हंजी पत्र मी दिलंच न्हाई. खुर्ची ऱ्हाती तुमची."

भावकी टक लावून बघत होती. एक जाऊ तर पदराआड हसायलाही लागली होती. साळुबाईंनी पत्र सावकाश, शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं.

"न्हाई जमायचं राव. ह्या माणसांम्होरं मान खाली घालीन एक डाव. पर त्या मुक्या जिवाम्होरं कशी घालू? जा, पंप चालू करा आधी."

रिकाम्या जागेची जाहिरात निघाली. शिक्षणाची अट नाही. मोबाइलवर 'सर्व अटी वाचल्या, मान्य आहेत' या चौकटीत न वाचता बोट टेकवल्याचा अनुभव पुरेसा. पात्र माणसं इतकी निघाली, की केंद्रानं अर्ज मागवणंच थांबवलं आणि सरसकट सगळ्यांना सदस्य करून टाकलं. नेमणूकपत्राची वाट पाहू नका. तुमची सही त्यांना केव्हाच मिळाली आहे.