राठोड सरांचं बर्नपूर

फळ्यावरची नदी बोटभर चुकली की राठोड सर डस्टर फेकायचे. पोराला लागू नये म्हणून नेम चुकवून फेकायचे, पण फेकायचे नक्की. "अरे, नदी कोणाच्या बापाची हाये का? कुठंबी वाहील व्हय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नदी म्हणजे दामोदर आणि गाव म्हणजे बर्नपूर. तिकडे बंगालात, नदीकाठचं पोलादाचं छोटं गाव. नव्वदच्या दशकात कळमनुरीच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि सर इतिहास-भूगोल. सातवीच्या पुस्तकात बर्नपूरला एकच ओळ होती. त्या ओळीवर सर दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकायचे. कोळसा कुठून येतो, इंग्रजांच्या काळात कारखाना कसा उभा राहिला, भोंगा कधी होतो, मासळी कोणत्या गल्लीत मिळते! आणि हा माणूस हिंगोलीच्या पलीकडे कधी गेलेला नाही. विचारलं की गुरगुरायचे, "माझा आजा बैलांवर मीठ लादून अर्धा मुलूख फिरला. मला फिरायची गरज न्हाई."

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी सातवीला विचारलं, "कयाधू कुठून वाहते?" जिच्यात पोरं उन्हाळाभर डुंबतात ती कयाधू! वर्ग चिडीचूप. "बरं, दामोदर?" अख्खा वर्ग ओरडून सांगू लागला. साहेबांनी लाल शेरा मारला, सर साहेबांवरच तडकले आणि मिटवामिटवी करायला हेडमास्तरांनी मला पुढे केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण हे बर्नपूर कुठून येतं ते मला चांगलं ठाऊक होतं. सरांचा एकुलता एक मुलगा विलास. बापाचा हट्ट, डीएड करून मास्तर हो. पोरगं आयटीआय करून बर्नपूरच्या कारखान्यात गेलं. "लोखंडच कुटायचं तर माझ्या दारात येऊ नको," असं सर बोलून बसले, आणि मग शब्दाला चिकटले. विलासची पत्रं आईच्या नावानं यायची. वहिनींना वाचता येत नव्हतं, सर हात लावत नव्हते. म्हणून रविवारी तांड्यावर सरांच्या घरी जाऊन मी वाचायचो. सर आत भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि खेकसायचे, "मोठ्यानं वाचा, तिला कमी ऐकू येतंय!" वहिनींचे कान ठणठणीत होते. सोमवारी पत्रातली नवी गल्ली फळ्यावर हजर.

"एवढी माया आहे तर दोन ओळी लिहा की त्याला!" एकदा मी भांडलोच.

"तुमी तुमचं मराठी पाहा," सर म्हणाले.

मग एका पावसाळ्यात पत्र आलं. विलासला नदीला लागून क्वार्टर मिळालं होतं. सोमवारी सरांनी दामोदरच्या अगदी कडेला एक छोटा चौकोन काढला. कसला, ते वर्गाला सांगितलं नाही, पण तो नकाशा कोणाला पुसूही दिला नाही. पुढच्याच आठवड्यात पेपरात आलं, दामोदरला पूर आलाय. त्यानंतर पत्र नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. सरांचं डस्टर टेबलावरच पडून असायचं. एक दिवस मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत माझ्या अंगावर धावून आले.

"तुमी रविवारी काहून येऊन न्हाई राहिले?"

"पत्र आलं तर येईन ना!" मीही तेवढ्याच जोरात ओरडलो.

सर मागे वळले आणि निघून गेले. मला स्वतःचीच लाज वाटली. माफी मागायला मी मागोमाग सातवीच्या वर्गापर्यंत गेलो. वर्ग रिकामा होता. सर पाठमोरे फळ्यापाशी उभे होते. तळहातानं त्यांनी दामोदर पुसली आणि त्या चौकोनापासून चांगली चार बोटं लांब पुन्हा काढली.

"सर, नदी..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"राहू द्या," सर म्हणाले. "तिथंच राहू द्या तिला."