पेटी एक, मखमली, आतील साहित्यासह

अचूक मोजमाप ही सुधारलेल्या समाजाची पहिली गरज आहे आणि मोजण्याचं साधन खराब न होणं ही दुसरी. दोघींचं जमेनासं झालं तर पहिलीने समजूतदारपणे मागे सरावं, हे कोणत्याही चांगल्या कारखान्यात वेगळं सांगावं लागत नाही.

इथे ज्या कारखान्याविषयी बोलायचं आहे, तो खुर्च्या बनवतो. त्याच्या साधनकक्षाचे प्रमुख मखमलकाका. (नाव कामगारांनी ठेवलेलं. काकांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.) कक्षात काचेचं कपाट, कपाटात जांभळ्या मखमलीच्या पेट्या आणि प्रत्येक पेटीत साधनाच्या अंगाबरहुकूम कोरलेली खाच. सगळ्यांत मान व्हर्नियरचा, म्हणजे केसाची जाडीसुद्धा सांगणाऱ्या, सरकत्या जबड्याच्या पोलादी पट्टीचा. खुर्चीच्या पायाची नळी मोजायची झाली की कामगाराने खिडकीशी यावं, काकांनी पेटी उघडून दाखवावी, कामगाराने क्षणभर व्हर्नियरकडे बघावं आणि जागेवर जाऊन पत्र्याच्या पट्टीने नळी मोजावी, अशी पद्धत होती. पद्धतीचे फायदे उघड आहेत. अकरा वर्षांत व्हर्नियर नऊ वेळा पेटीबाहेर निघालं, त्यांतल्या आठ वेळा पुसण्यासाठी.

नवव्या वेळी काका दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. तेवढ्यात एका बोलघेवड्या फिटरने व्हर्नियर काढलं आणि त्याने चक्क मोजलं. परत ठेवताना ते हातातून निसटलं आणि जबडा वाकला. ते पाडल्याबद्दल फिटरने माफी मागितली. मोजल्याबद्दल मात्र शेवटपर्यंत मागितली नाही, हे काकांना जास्त लागलं.

त्यात वेळ वाईट होती. काकांची निवृत्ती महिन्यावर आलेली. दोन वर्षांची मुदतवाढ तपासनीसबाईंच्या शेऱ्यावर अडलेली आणि बाई सोमवारी येणार. मुदतवाढ मिळाली नाही तर पुढे काय, हे घरी ठरून गेलं होतं. काकूंनी कामं काढून ठेवली होती आणि त्यांत पहिलं काम जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांचं. खुर्च्या काकांच्याच कारखान्याच्या, चारही डुगडुगणाऱ्या. फरशी वरखाली आहे, असं काकांचं जुनं मत होतं.

"अहो, त्याच फरशीवर फ्रिज उभा आहे," काकू म्हणायच्या. "तुमची खुर्चीच तेवढी नाचते."

नवं व्हर्नियर तातडीने मागवलं. आलं, पण खाचेत बसेना. बोटाच्या पेराएवढं लांब होतं आणि जबडे अंमळ रुंद. काकांनी ते तिरकं ठेवून पाहिलं, उलटं ठेवून पाहिलं, थोडा वेळ नुसतं बघूनही पाहिलं.

"काका, मखमल कापा की जराशी," फिटर म्हणाला.

"कापलेली मखमल परत येते का रे?"

"आणि लोखंड येतं?"

"लोखंड बाजारात मिळतं. ग्राइंडर चालू कर."

इथे काकांचं चुकलं, असं कोणी घाईने म्हणू नये. मालमत्तेच्या नोंदीत 'पेटी एक, मखमली, आतील साहित्यासह' असंच लिहिलेलं होतं. म्हणजे मालमत्ता ती पेटी. व्हर्नियर तिच्यातलं बिऱ्हाड. बिऱ्हाडकरूचे पाय लांब आहेत म्हणून कोणी घराची भिंत पाडत नाही.

फिटरने पट्टीचं शेपूट छाटलं, जबडे घासले. तरीही कुठेतरी अडत होतं, तिथे काकांनी रुमाल ठेवून लाकडी हातोडीने दोन मायेचे ठोके दिले. बसलं. जबडे पूर्ण मिटलेले असूनही आकडा शून्यावर नव्हता, म्हणजे मधे काहीच नसताना ते काहीतरी मोजत होतं. जुन्याच्या अंगात ही करामत नव्हती.

सोमवारी तपासनीसबाई आल्या. साधनं पडताळायचे पोलादी ठोकळे त्यांनी बरोबर आणले होते. तेही मखमली पेटीत होते, त्यामुळे अर्थातच त्यांनी ते बाहेर काढले नाहीत. पेटी टेबलावर ठेवली, तेवढ्याने पडताळणीचं वातावरण तयार झालं. मग काकांच्या पेट्या एकेक करून उघडल्या, प्रत्येकीवर मान डोलावली आणि व्हर्नियरशी आल्यावर, आजवर कोणत्याही तपासनीसाने केलं नव्हतं ते केलं. त्या व्हर्नियर उचलायला गेल्या.

दोन वर्षं, कपाट, जांभळी मखमल, सगळं बाईंच्या दोन बोटांत आलं होतं. काकांच्या डोळ्यांपुढे चार खुर्च्या नाचू लागल्या.

व्हर्नियर हललं नाही. बाईंनी जरा जोर लावला, तशी पेटीच टेबलावरून उचलली गेली. खिडकीतला फिटर खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागला.

"इतकं नेमकं बसलेलं साधन मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तोच शेरा लिहिला.

मुदतवाढ मिळाली. शेऱ्यामुळे ते व्हर्नियर कारखान्याचं प्रमाण ठरलं आणि बाकीची साधनं, पत्र्याच्या पट्ट्यांसकट, त्याच्याशी जुळवून घ्यावीत असं परिपत्रक निघालं. (ते पेटीतून निघत नसल्याने जुळवणी अंदाजाने झाली.) काकूंनी बातमी शांतपणे ऐकली, मुदतवाढीच्या पत्राचं पाकीट चौपदरी करून काकांच्या खुर्चीखाली सारलं आणि जेवायला वाढलं.

कारखान्याचा माल आजही जोरात खपतो. तक्रार एकही नाही. याचं श्रेय कारखान्याइतकंच गिऱ्हाइकालाही द्यायला हवं. तुम्ही हे ज्या खुर्चीवर बसून वाचताय, तिच्या मागच्या पायाखाली कागदाची घडी तुम्हीच सारली आहे आणि फरशी धड घातली नाही म्हणून गवंड्याला नावंही तुम्हीच ठेवली आहेत. तेव्हा काकांना हसायचं तर हसा, पण बेताने. फार हललात तर घडी निघेल.