गुणगुणायचं नाही!

बेंगळुरात जयनगरच्या रंगराव अण्णांकडे उशिरा गेलं तरी चालतं, न सांगता दोन पाहुणे नेले तरी चालतं. कोणी गुणगुणलं की मात्र अण्णा चिठ्ठ्यांचा डबा उचलून आत निघून जातात आणि आतून ओरडतात, "साकु! पुरे झालं! घरी जावा सगळे!"

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ मराठी माणसं त्यांच्याकडे जमतो. खेळ साधाच. गाण्यातल्या मधल्याच कुठल्या तरी ओळीचे तीन-चार शब्द चिठ्ठीवर लिहायचे आणि बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. आता शब्द वाचले की माणूस चाल लावून बघणारच ना? अण्णांना नेमकं तेच खपत नाही.

"चाल म्हणजे चोरी! शब्द दिलेत की तुम्हाला. शब्द बघा!"

आणि शब्दही अचूक हवेत. 'चांदणं' काय नि 'चांदणे' काय, असं एकदा आमचा समीर बोलून गेला. समीर माझ्याच ऑफिसातला, पुण्याहून आलेला. अण्णांच्या घराण्याला बेंगळुरात कित्येक पिढ्या झाल्या, त्यांची मराठी ऐकून हा गालातल्या गालात हसतो. अण्णा ताडकन उठले. एप्रिलमध्येसुद्धा न निघणारी त्यांची कानटोपी भुवयांवर घसरली.

"तुला समीर म्हणू की समोर म्हणू? स्वल्प फरक आहे. चालेल?"

अण्णांच्या बायकोने, शारदाअक्कांनी, त्या दिवशी समीरच्या ताटलीत दोन चिरोटे जास्त टाकले. ज्याला जास्त बोलणी बसतात त्याला जास्त चिरोटे, हा त्या घरचा रिवाजच आहे.

एवढं असूनही सगळ्यात जास्त गाणी ओळखणार अण्णाच. वय चौऱ्याहत्तर, पण आमच्या ऑफिसच्या कॅबमध्ये वाजणारी गाणीसुद्धा त्यांना येतात. मी एकदा म्हटलं, "अण्णा, हे तर गेल्या महिन्यात आलंय!"

"मग? गेल्या महिन्यात मी मेलो होतो काय?"

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. मग साताऱ्याहून माझी आई आली आणि मी तिला रविवारी घेऊन गेले. रिक्षात तिला नियम सांगितला होता, पण ती विसरली. चिठ्ठी हातात आल्यावर तिने डोळे मिटले आणि अगदी हळू आवाजात चाल शोधायला लागली. सगळे गप्प होऊन ऐकत होते.

"बंद करा!" अण्णा गरजले. "हे भजनी मंडळ नाही!"

आईने चिठ्ठी टेबलावर ठेवली. "चुकलं हो माझं," म्हणाली. परतताना रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. मध्येच म्हणाली, "मी हळूच म्हणत होते गं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली आणि तडक जयनगर गाठलं. मारतहळ्ळीपासून दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून मी एकेक वाक्य घासून धारदार केलं. दार उघडंच होतं. अक्का बाजारात गेल्या होत्या. अण्णा माझ्याकडे पाठ करून टेबलाशी काहीतरी लिहीत होते.

"अण्णा, तुम्ही स्वतःला समजता कोण?" मी चपलाही न काढता सुरू केलं. "वयाचा मान ठेवतो म्हणून काहीही ऐकून घ्यायचं? माझी आई पाहुणी होती तुमच्या घरी!"

अण्णा लिहीत राहिले.

मी आवाज चढवला. दीड तासात जमवलेलं होतं नव्हतं ते सगळं ओतलं. समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली, पण अण्णांनी मान वळवली नाही. आता मात्र माझ्या अंगाची लाही झाली. मी टेबलाला वळसा घालून पुढ्यातच जाऊन उभी राहिले.

अण्णा एवढे दचकले की हातातलं पेन पडलं. "अय्यो! माधवी! कधी आलीस?"

टेबलावर कानटोपी होती आणि तिच्या शेजारी कानाची दोन यंत्रं. अण्णांनी ती घाईघाईने कानांत बसवली. माझं सगळं भाषण त्यांच्या टकलावर आपटून वाया गेलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सहा वर्षं झाली. बोललेलं कळतं यातनं. गाणं कळत नाही. डब्यात खिळे हलवल्यासारखं होतं."

"मग सांगायचं नाही आम्हाला?"

"कशाला? सगळे 'बिचारे अण्णा' म्हणत हळहळणार. बेडा! नको मला ते. रागीट म्हणा, चालतं."

माझा राग अजून उतरला नव्हता. "आणि माझी आई?"

अण्णांनी वाकून पडलेलं पेन उचललं. मग म्हणाले, "त्यांचं तोंड बघत होतो मी. आणि तुम्हा सगळ्यांचीही. कसे ऐकत होता! चांगलं म्हणत होत्या ना?"

"खूप."

"आणि मी खिळे ऐकत होतो." त्यांनी नाक जोरात पुसलं. "संध्याकाळी घेऊन ये त्यांना. माफी मागतो."

मी निघणार तेवढ्यात त्यांनी समोरचा कागद माझ्याकडे सरकवला. सध्या सगळीकडे वाजणारं एक गाणं त्यांनी गोल अक्षरात उतरवून काढलं होतं.

"पाठ झालंय. चाल कशी आहे?"

मला गाता येत नाही, आणि आलं असतं तरी काय उपयोग? मी खुर्ची ओढून बसले. "सुरुवात खालच्या आवाजात. नुसतं बोलल्यासारखी. तिसऱ्या शब्दावर वर जाते."

"वर म्हणजे किती? नीट सांग की!"

मी हात कपाळापर्यंत नेला. अण्णांनी तिसऱ्या शब्दावर पेनाने तेवढी उंच रेघ ओढली.

"उतरते कशी? एकदम?"

"नाही. सावकाश. मध्ये एकदा थांबते."

"दाखव."

मी हात हवेतून हळूहळू खाली आणला, मध्ये थांबवला, मग पुन्हा आणला. अण्णा पापणी न लववता त्या हाताकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते.

"घाई करतेस," ते खेकसले. "परत. पहिल्यापासून."