शुक्रवारचा सौना आणि एक झाकलेलं पान

“माझ्या चेहऱ्यावरून मनातलं ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचाय,” असं वेइयो कुइस्मा वर्षातून एकदोनदा म्हणायचा, आणि म्हणतानाही त्याच्या चेहऱ्यावर काही नसायचं. तांपेरे शहरातल्या कागद गिरणीत कामगारांच्या बाजूने वाटाघाटींना बसण्यात त्याची हयात गेली होती. एकदा पगारवाढीच्या बैठकीत तो सबंध दुपार एक शब्द न बोलता समोर बघत राहिला, आणि व्यवस्थापनाने घाबरून मागितल्यापेक्षा जास्त वाढ देऊन टाकली. त्या दुपारी त्याची अक्कलदाढ ठणकत होती. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

त्याची बायको हिल्का तो चेहरा सकाळच्या पेपरसारखा वाचायची. पण बायकोला मोजायचं नसतं, असा वेइयोचा नियम होता.

निवृत्तीनंतर एवढ्या गुणी चेहऱ्याला काम उरलं नाही. दुधाच्या दुकानात त्याचा काही उपयोग होईना. अशा भाकड दिवसांत वेइयो एका बुधवारी इमारतीच्या तळघरात गेला. तिथे एकीकडे धुण्याची खोली, दुसरीकडे सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, आणि मध्ये रहिवाशांची बैठकीची खोली आहे. या मधल्या खोलीत तिसऱ्या मजल्यावरचा यार्को एकटाच पत्ते मांडून बसला होता.

यार्को शाळेत गणित शिकवायचा. वय तिशीचं, स्वभाव इतका भिडस्त, की लिफ्टमध्ये आधीच कुणी असलं तर तो जिना चढायचा. “पत्त्यांचा खेळ, दोघांसाठी, दर बुधवारी, सर्वांचे स्वागत” अशी चिठ्ठी त्याने महिन्यापूर्वी दाराशी लावली होती. सर्वांनी ती वाचली होती. आल्यास गर्दी होईल, या विचाराने सर्वच घरी बसले होते.

हे पत्ते राजा-राणीचे नव्हते. खेळाचं नाव ‘जांभळं शहर’. उद्याचं जग, रात्रंदिवस जळणारे दिवे, माणसांच्या डोक्यात खुपसलेल्या तारा. एका खेळाडूने व्हायचं एक अवाढव्य कंपनी आणि दुसऱ्याने तिच्या यंत्रांत चोरवाटेने शिरणारा घुसखोर. आपला कॅट ज्याने त्याने घरी निवडून, जुळवून आणायचा. कंपनीने आपली पानं झाकून मांडायची, पुढे पहाऱ्याच्या भिंती उभ्या करायच्या. झाकलेलं पान कधी गुप्त योजना असतं, कधी सापळा. पानावर सोंगट्या चढवत कंपनीने योजना पुरी केली तर तिचा फायदा, घुसखोराने पळवली तर त्याचा. सापळ्यात पाय पडला, तर हातातली पानं जळतात, आणि पानं पुरली नाहीत तर त्याचा मेंदू जळून डाव आटोपतो.

“म्हणजे खाली काय आहे ते समोरच्याला कळू द्यायचं नाही,” वेइयो म्हणाला.

“तोच तर खेळ आहे,” यार्को म्हणाला.

वेइयोने खुर्ची ओढली. हा खेळ आपला चेहरा डोळ्यांसमोर ठेवूनच कुणीतरी काढलाय, याबद्दल त्याची खात्री पटली होती.

यार्कोने नियम सांगायला घेतले. पहिल्या पाच मिनिटांतलं वेइयोला सगळं समजलं. नंतरच्या तासाभरातलं काहीही समजलं नाही. पण बोलणाऱ्याला मध्येच अडवणं म्हणजे त्याला नीट सांगता येत नाही असं तोंडावर म्हणणं, आणि असं कोणी करतं का? म्हणून तो दर वाक्याला श्वास आत ओढून ‘हं’ म्हणत राहिला. काही विचारायचंय का, असं यार्कोने शेवटी विचारलं. वेइयो गप्प राहिला. इतक्या लवकर इतकं पक्कं समजलेला विद्यार्थी यार्कोने शाळेत पाहिला नव्हता.

झाकून ठेवलेलं आपलंच पान पुन्हा उचलून बघता येतं की नाही, हेही त्या तासाभरात निसटलं होतं. वेइयोने मनाशी ठरवलं, की येत नसावं. बघता आलं तर मग झाकण्यात राम काय?

त्यामुळे दर डावात वेइयो कंपनी व्हायचा, पानं झाकायचा आणि थोड्याच वेळात कुठे काय झाकलं ते साफ विसरायचा. यार्को त्याच्या डोळ्यांत बघून आत काय आहे त्याचा अंदाज घ्यायचा, पण जे खुद्द मालकाला ठाऊक नाही, ते मालकाच्या डोळ्यांत कुठून दिसणार? असा थंड रक्ताचा खेळाडू आपण आयुष्यात पाहिला नाही, असं यार्कोने कबूल केलं. वेइयो थोडे डाव जिंकला, पुष्कळ हरला, आणि खेळाच्या पुरता नादी लागला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानं पसरून तो कॅट जुळवायचा आणि हिल्का आली की बटाटे सोलायला लागायचा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण एका बुधवारी आवराआवर करताना वेइयोने विनोद केला.

“पुढच्या बुधवारी मी हरलो, तर माझा शुक्रवार तुझा.”

शुक्रवार म्हणजे इमारतीच्या सामाईक सौनातली, कुइस्मांच्या नावची, शुक्रवारी संध्याकाळी सातची वेळ. आता यापेक्षा मोठी इस्टेट त्या इमारतीत नव्हती. आठवडा संपलाय, दगड तापलेत, पाण्याची पळी पडताच वाफ छपराला टेकतेय, आणि बाहेर पडल्यावर मोहरीची चटणी लावून गरम सॉसेज. या वेळेसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत असतात. कुणी घर सोडतं, कुणाचा घटस्फोट होतो, कुणी देवाघरी जातं, तेव्हा ती रांग एक पाऊल सरकते. कुइस्मांना शुक्रवार मिळाला त्या दिवशी हिल्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लग्नात आलं नव्हतं.

असा शुक्रवार पणाला लावणं हा उघड उघड विनोद होता. पण तो वेइयोच्या चेहऱ्याने केला होता.

यार्कोचा रंग उडाला. समोरच्याने एवढं मोठं काही देऊ केल्यावर आपण कमी पडणं बरं नव्हे. “माझ्याकडे मंगळवार आहे,” तो अखेर म्हणाला. “सकाळी सहाचा. तो मी लावतो.” आणि त्याने हात पुढे केला.

पुढे आलेला हात घेतला नाही, असं वेइयोच्या घराण्यात घडलेलं नव्हतं. त्याने घेतला. यार्कोनेही गंमतच केली, असं समजत तो घरी गेला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये राइलीबाई भेटल्या. त्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष. सौनाच्या वेळा त्यांच्या हाती, म्हणून इमारतीत त्यांना थोरामोठ्यांचा मान. राइलीबाई लिफ्टमध्ये बोलल्या. तिथेच वेइयो सावध झाला, कारण लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही. बोललं तर आग तरी लागलेली असते, नाहीतर पाइप तरी फुटलेला असतो.

यार्को सकाळी येऊन रीतसर विचारून गेला, असं त्यांनी सांगितलं. दोघांची मर्जी असेल तर मंडळाची हरकत नव्हती. बुधवारी पंच म्हणून त्या स्वतः येणार होत्या.

आता सुज्ञ वाचक म्हणतील, की अहो, मी गंमत केली, एवढं सांगायला काय झालं होतं? झालं असं होतं, की मग यार्कोला विनोद कळला नाही हे सिद्ध झालं असतं, तो बिचारा जन्मभर जिना चढला असता, आणि राइलीबाई उगाच लिफ्टमध्ये बोलल्या असं झालं असतं. दोन माणसांना खजील करण्यापेक्षा सौना गेलेला परवडला. पण हिल्काला काय सांगणार? वेइयोने तूर्त तिला काही न सांगायचं ठरवलं, आणि आठवडाभर तोंड पेपरामागे ठेवलं.

बुधवारी संध्याकाळी खोलीत राइलीबाई भिंतीशी ताठ बसल्या होत्या. बातमी फुटली होती, त्यामुळे दारात पाचसहा रहिवासी कॉफीचे कप घेऊन उभे होते. कोणी काही बोलत नव्हतं. बोलायला कोणी आलंच नव्हतं.

डाव चुरशीचा झाला. वेइयोच्या भिंती यार्कोने एकेक करून फोडल्या; यार्कोची शस्त्रं वेइयोने एकेक करून मोडली. शेवटी दोघेही विजयापासून एका योजनेच्या अंतरावर येऊन थबकले. टेबलावर वेइयोचं एकच पान झाकलेलं होतं, आणि त्यावर त्याने सोंगट्यांची चळत चढवली होती. ते पान योजना असेल आणि यार्को आत शिरला नाही, तर पुढच्या खेपेला वेइयो ती पुरी करून जिंकणार. योजना असेल आणि यार्को शिरला, तर शुक्रवार गेला. आणि सापळा असेल तर प्रत्येक सोंगटीगणिक यार्कोची पानं जळणार. यार्कोच्या हातात पानं उरली होती दोन.

यार्को वेइयोच्या चेहऱ्याकडे बघू लागला.

वेइयो त्या पानाकडे बघू लागला. योजना की सापळा? ते झाकताना दारातलं कुणीतरी खोकलं होतं, एवढंच त्याला आठवत होतं. खोलीत कपात चमचा फिरला तो गिरणीचा भोंगा वाजल्यासारखा वाटला. शुक्रवार त्या पानाखाली होता, आणि पान त्याचं असून त्याला परकं होतं.

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला सरली आणि धुतलेल्या सतरंज्यांची टोपली घेऊन हिल्का आत आली. एवढी गर्दी कसली, ते तिने राइलीबाईंना विचारलं. राइलीबाईंनी हळू आवाजात, काहीही न गाळता, सगळं सांगितलं.

हिल्काने टोपली खाली ठेवली. मग ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघू लागली.

यार्को हुशार होता. या दगडातून पाणी निघत नाही हे त्याला कळून चुकलं होतं. त्याने नजर वळवली आणि हिल्काच्या चेहऱ्यावर लावली.

हिल्काला त्या पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण समोरचा चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. विमानतळाच्या आवारात गाडी कुठे उभी केली ते आठवत नसताना वेइयोचा असाच चेहरा झाला होता, आणि त्या दिवशी ती दोघं भर थंडीत गाड्यांच्या रांगा पालथ्या घालत हिंडली होती. याला काही ठाऊक नाही, हे तिने एका क्षणात ओळखलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

यार्कोने हे पाहिलं. बायको एवढी घाबरली, म्हणजे खाली योजनाच आहे. “आत शिरतो,” तो म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

सापळा होता.

यार्कोने दोन्ही पानं खाली ठेवली. जळायला आणखी पुष्कळ हवी होती. घुसखोराचा मेंदू रीतसर जळाला. दारातलं कुणीतरी ‘हं’ म्हणालं, आणि तांपेरेत याहून मोठा टाळ्यांचा कडकडाट होत नाही.

“तुम्ही एकदाही पान उचलून पाहिलं नाहीत,” यार्को आदराने म्हणाला. “एवढा भरवसा.”

“पाहता येतं?” वेइयोच्या तोंडून निघून गेलं.

“आपलं पान? केव्हाही.”

वेइयोची छाती तेवढी फुगली होती, ती फुगलेली राहू दिली. हिल्काने सतरंज्यांची टोपली उचलली. तिच्या गालांवर रंग परत येत होता.

राइलीबाई उठल्या. “अभिनंदन. मंगळवार सकाळ सहा, कुइस्मा.” मग त्यांनी घसा साफ केला. “आणि शुक्रवार सुटला.”

“सुटला म्हणजे?”

“एका घराला एकच वेळ, वेइयो. नवी घेतली, की जुनी आपोआप जाते. सगळ्या इमारतीला हाच नियम.”

“मग मला मंगळवार नको.”

“हात मिळवला होतात ना?”

आता शुक्रवार कुणाला जाणार, हे हिल्काने विचारलं.

“ज्या घराकडे कुठलीच वेळ नाही, त्याचा हक्क पहिला,” राइलीबाई म्हणाल्या. सगळ्यांच्या माना यार्कोकडे वळल्या. मेंदू जळालेला यार्को शरमेने कानापर्यंत लाल झाला होता, पण नको म्हणत नव्हता.

“तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?” वेइयोने राइलीबाईंना विचारलं.

“अर्थात.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणी विचारलं नाही,” राइलीबाई म्हणाल्या आणि दिवा मालवून गेल्या.

मंगळवारी सकाळी सहाला कुइस्मा नवराबायको सौनात बसली होती. अशा वेळी सॉसेज घशाखाली उतरत नाही. त्यांनी लापशी खाल्ली होती. हिल्काने दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली, निवली. ती आता त्या विनोदाबद्दल बोलणार, म्हणून वेइयोने मान खाली घातली.

“मला शिकव तो खेळ,” ती म्हणाली. “शुक्रवार मी परत आणते.”

वेइयोला भरून आलं. एवढी गुणाची बायको. तो सरसावून बसला, घाम पुसला.

“विचार काय विचारायचं ते.”

“सुरुवात कोण करतं?”

वेइयोने दगडांकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

“यार्को मान हलवतो,” तो अखेर म्हणाला, “मग मी खेळतो.”