ग्रामीण नातेवाईक : निरंक

पोशीरच्या योगेंद्रने मुलीच्या सहावीच्या प्रवेशअर्जात 'ग्रामीण नातेवाईक (असल्यास संख्या)' या रकान्यापुढे 'निरंक' असं लिहिलं, तेव्हा त्याची सख्खी आई त्याच्यापासून चार हातांवर बसून तांदूळ निवडत होती.

त्यात त्याचा तसा दोष नव्हता. गावातली शाळा पाचवीला संपत होती आणि अपेक्षाला पुढं कुठंतरी घालणं भाग होतं. खालापूरच्या अंगाला, एक्स्प्रेस-वेच्या घरघरीपासून जरा आत, 'मृत्तिका ग्लोबल स्कूल' नावाची शाळा निघाली होती. मातीपासून तुटलेल्या मुलांना पुन्हा मातीशी जोडणं, हे तिचं ध्येय. अर्थात त्यासाठी मूल आधी मातीपासून तुटलेलं असणं बंधनकारक होतं. नियमावलीच्या कलम तीननुसार उमेदवार 'मृदावंचित' असावा. त्याला शेत, शेण, म्हैस अथवा आजी यांचा पूर्वानुभव नसावा. अपेक्षाला चारही होते, आणि भरपूर होते.

"दुसरी शाळा बघा की," त्याची बायको निशिगंधा म्हणाली.

"अख्खं कर्जत तिथं रांगेत हाय, निशी. कायतरी असणारच त्या शाळेत."

"काय असणार?"

"ते आत गेल्यावर कळंल."

अर्जानंतर गृहतपासणी होती. रविवारी अकरा वाजता शाळेच्या संचालिका हर्षला मॅडम जातीने येऊन घरातला मातीचा अभाव पाहणार होत्या. योगेंद्रने अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. वृंदावनात प्लॅस्टिकची तुळस लावली. म्हैस हाकत नेऊन वाडीवरच्या शुक्राच्या दावणीला बांधली.

"कशापायी रं?" शुक्राने विचारलं.

"पोरीच्या शिक्षणापायी."

शुक्राने मान हलवली. शिक्षण फार मोठं असतं, हे तो ऐकून होता. पण त्यात एक म्हैस मावत नाही, हे त्याला नव्यानेच कळलं.

अपेक्षाची तयारी निशिगंधाने हाती घेतली. रोज संध्याकाळी ताटलीत चिखल समोर यायचा आणि पोरीने तो बघून 'ई' म्हणायचं. पहिल्या दिवशी तिने त्या चिखलाचा बैल केला. दुसऱ्या दिवशी बैलाला गाडी जोडली. आठव्या दिवशी मात्र तिला असा काही 'ई' जमला, की शेजारची बाई साप निघाला समजून काठी घेऊन धावत आली.

आता राहिली फक्त योगेंद्रची आई, येसूबाई.

"आई, रविवारी दोन तास शुक्राकडं जाऊन बसतेस का गं?"

"म्हशीमागं आता माझा नंबर काय रं?" येसूबाई म्हणाली आणि गेली नाही.

हर्षला मॅडम आल्या त्याच मुळी दारात लुगडं खोचून उभ्या असलेल्या येसूबाईसमोर. "या कोण?" त्यांनी विचारलं.

योगेंद्र लगबगीने पुढं झाला. "ह्या... ह्या मृदा-मार्गदर्शक. खाजगी शिकवणी. आजच लावल्यात, मुलीची अवस्था बघवंना म्हणून."

मॅडम हरखल्या. त्यांनी येसूबाईभोवती एक फेरी मारली आणि वाकून तिच्या भेगाळलेल्या टाचा न्याहाळल्या. "ओरिजिनल आहेत?"

"नायतर काय भाड्यानं आणल्यात?" येसूबाई म्हणाली.

"वा! आम्ही अशाच फॅकल्टीच्या शोधात होतो!" आणि मॅडमनी तिला जागच्या जागी शाळेत नेमूनही टाकलं. नोकरी निवासी होती. योगेंद्र हातवारे करून आईला 'नको नको' म्हणत होता. येसूबाईने त्याच्याकडे निवांत पाहिलं.

"येते की," ती म्हणाली. "हितं मी निरंक हाय. तितं निदान एक तरी असंन."

तिला वाचता येत होतं, हे योगेंद्रच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

पुढं प्रवेशपरीक्षा झाली ती शाळेमागच्या खाचरात. उन्हाळी भाताची लावणी चालू होती. बांधावर वीस उमेदवारांचे आईबाप छत्र्या धरून उभे आणि खाचरात गुडघाभर चिखलात परीक्षक म्हणून येसूबाई. गेल्याच वर्षी याच नातीला तिने रोपांची मूठ कशी धरायची, लावत लावत मागं कसं सरकायचं, हे शिकवलं होतं. अपेक्षा बांधावर आली, म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅम," आणि घरी घोटवलेला 'ई' करून चिखलात धपकन बसली.

येसूबाईने हातातली रोपांची मूठ चिखलात खोचली. मग बांधाकडे बघत म्हणाली, "हिला काय बी येत नाय. शंभरात शून्य घाला. इतक्या वर्सांत घरच्यांनी काय शिकवलं, देव जाणे."

एवढी निर्भेळ वंचितता शाळेने यापूर्वी पाहिली नव्हती. अपेक्षा गुणवत्ता यादीत पहिली आली. योगेंद्रने गावभर पेढे वाटले. घरात म्हैस धरून पाच जण जेवायचे, ते आता तीनच उरले होते. पण पेढे चांगले होते.

सहा महिने सुखात गेले आणि मग परिपत्रक आलं : 'आजी-आजोबा दिन. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक ग्रामीण आजी अथवा आजोबा सोबत आणावेत. ज्या पालकांनी अर्जात निरंक नमूद केले आहे, त्यांना शाळेच्या मार्गदर्शकांमधून सोडत पद्धतीने आजी-आजोबा वितरित केले जातील.' निरंक सगळ्यांनीच नमूद केलं होतं.

सोडतीत अपेक्षाला बैलगाडी-मार्गदर्शक गजा लागला. येसूबाई लागली कुणा साईनाथ नावाच्या काळ्या चष्मेवाल्या पालकाच्या मुलाला. मांडवात मुलं आपापल्या वाट्याला आलेल्या म्हाताऱ्यांशेजारी हाताची घडी घालून बसली. गजा अपेक्षाशेजारी होता, पण डोळे सारखे त्या साईनाथच्या पोराकडे लागलेले.

मग जेवणाची वेळ झाली. येसूबाईने फडकं सोडलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. वास मांडवभर गेला.

"आजे! माझी भाकर!"

अपेक्षा उठली ती खुर्च्या उडवतच आजीच्या मांडीवर जाऊन आदळली. योगेंद्रने डोळे मिटले. प्रवेश गेला, पेढे गेले, पेव्हर ब्लॉक वाया गेले.

डोळे उघडले तेव्हा साईनाथचा पोरगा "आबा!" करत गजाच्या पाठीवर चढलेला होता. तिसरं पोर हळद-मार्गदर्शकाच्या गळ्यात पडलं, चौथं शेण-मार्गदर्शिकेच्या पदरात शिरलं. दोन मिनिटांत अख्खी सोडत उलटीपालटी झाली. वीस बाप मांडवाचं कापड कुठल्या गिरणीचं असावं ते वर बघून ठरवू लागले.

साईनाथने चष्मा काढला. "गजा तुमचा कोण लागतो?"

"मला सोडतीत लागला. तुमचा?"

"बाप. न्‌ येसूबाई?"

"आई."

"निरंक?"

"निरंक."

एवढ्यात माईक खरखरला. आता नाव पुकारून हाकलणार म्हणून योगेंद्रने चप्पल पायात सरकवली. पण हर्षला मॅडमचे डोळे भरून आले होते. "पालकहो, बघा! अवघ्या सहा महिन्यांत अनोळखी म्हाताऱ्यांशी एवढी भावनिक जुळवणूक! हीच आपली पद्धत!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या त्या वीस बापांनी.

निघताना येसूबाईने योगेंद्रला गाठलं. "येऊ का रं आता घरी?"

योगेंद्रने इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आई... कलम तीन."

"बरं," येसूबाई म्हणाली. "मग शनिवारी दहा ते अकरा मी आजी असते. पोरीला वेळ घेऊन पाठीव."

ही हकिकत ऐकून माणसं पोट धरून हसतात. काही हळहळतातही. मग जाता जाता, दुसरं कुणी ऐकत नाही ना ते बघून, हळूच विचारतात, "फॉर्म कधी निघतात हो त्यांचे?" तुम्हीही विचारणार, तेव्हा आधीच सांगितलेलं बरं : यंदाचे संपले. प्रतीक्षायादी चालू आहे. नाव घालायचं असेल तर रविवारी अकराला घरी थांबा, आणि तोवर आईला जरा आतल्या खोलीत बसायला सांगा.