सासरे कडेला उभे आहेत

शब्दकोश उचलला आणि निगेटिव्हची पट्टी तपासनिसांच्या डोळ्यांदेखत पुन्हा गुंडाळली गेली.

"हिचा उद्दामपणा बघ," ते बायकोला म्हणाले. "दोन दिवस शब्दकोश, त्यावर इस्त्री, त्यावर पिठाचा डबा. एवढ्या वजनाखाली एखादा गुन्हेगारसुद्धा सरळ झाला असता."

"इस्त्री तिथे आहे होय," बायको म्हणाली. "मी काल चुरगळलेल्या कपड्यांतच बाहेर जाऊन आले."

तपासनीस म्हणजे वजनमापांचे निवृत्त तपासनीस. सगळी नोकरी त्यांनी दुकानादुकानांतून लोकांचे तराजू उचलून बघण्यात घालवली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण घरी, दारी आणि सासुरवाडीतही सगळे त्यांना तपासनीसच म्हणत, आणि ते स्वतःही ते विसरले नव्हते. जगात खोट असते, ती शोधली की सापडते, आणि सापडली की कुणाला तरी खडसवायचं असतं, एवढं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं. इथे खडसवायला फक्त चार बोटं रुंदीची एक फिल्म होती, आणि ती ऐकत नव्हती.

फिल्म सासऱ्यांची. सासऱ्यांना फोटोंचा भारी नाद. मोठ्या रोलचा कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांनी जन्मभर सगळ्या गोतावळ्याचे फोटो काढले आणि त्यामुळे स्वतः एकाही फोटोत आले नाहीत. एकदाच काय ते त्यांनी कॅमेरा स्टँडवर ठेवला, टायमर लावला आणि पळत जाऊन इतरांत उभे राहिले. त्या फोटोची छपाई राहून गेली आणि मग सासरेच राहिले नाहीत. पट्टी एका लहानशा डबीत गुंडाळलेली पडून होती. उजेडात धरली की घराच्या पायऱ्यांवर बसलेली सगळी मंडळी दिसायची, आणि अगदी उजव्या कडेला, दाराच्या चौकटीशी, उभा एक माणूस.

आता सासूबाई लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि त्यांची नजर चालली होती. मधलं सगळं पुसल्यासारखं व्हायचं, कडेचं तेवढं दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं आणि "बघायचं ते बघून घ्या," असं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. असं कुणी बोलतं का? तपासनिसांनी तिथेच त्याला विचारलं होतं, पण त्याला वेळ नव्हता. सासूबाईंनी घरी येऊन शांतपणे सांगितलं, "मला बाकी काही बघायचं नाही. ह्यांना एकदा बघायचंय."

तपासनीस तडक स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने "ठेवून जा, बघू," म्हणत ती डबी रबरबँड आणि जुन्या किल्ल्यांच्या खणात टाकली. तपासनिसांनी ती तशीच परत उचलली. ज्या माणसाला सासरे आणि किल्ल्या यांतला फरक कळत नाही त्याच्या हातात सासरे द्यायचे नाहीत, असं त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. काम घरीच होणार होतं.

साडूंकडून कॅमेरा मागून आणला. तो स्टँडला तोंड खाली करून टांगला, टेबलावर उजेडाची पाटी ठेवली, तिच्यावर निगेटिव्ह. वरून फोटो काढायचा, मग कॉम्प्युटर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करून देतो. पहिल्याच फोटोत पायऱ्या आल्या, पोरं आली, शर्टांची बटणंसुद्धा आली. फक्त उजवी कड वळून वर उचललेली, त्यामुळे कडेचा माणूस पिठात पडल्यासारखा.

"झालं का, जावईबापू?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"नाही, आई. सगळे आलेत, तेवढे तेच नाहीत."

"ते कुठे कधी वेळेवर आलेत? असतील तसे दाखवा."

"चेहरा स्वच्छ आल्याशिवाय नाही. असला अर्धवट माल मी पास करत नाही."

इथून पुढे जे झालं ते याच एका वाक्यामुळे झालं.

आधी ते शब्दकोश आणि इस्त्रीचं वजन झालं, मग पुठ्ठ्याची चौकट कापून पट्टी चारही बाजूंनी चिमटली. कडा बसल्या, तर मधे पोट सुटलं. पोट दाबलं, तर कड उठली. मग बायकोने सहज म्हटलं, "वरून काच का नाही ठेवत?" हे आपल्याला सुचलं नाही याचा राग तपासनिसांनी काचेवर काढला. दिवाणखान्यातल्या टेबलाची काच दोघांनी मिळून उचलली. पट्टी सपाट झाली. लेव्हलची नळी ठेवून बघितली तर बुडबुडा मधोमध. फोटो काढला, आणि सासऱ्यांच्या तोंडावर रंगीबेरंगी कडी उमटली, पाण्यावर तेल सांडल्यावर उमटतात तशी.

"हे काय आहे? कुणी तेलाचे हात लावले?"

"तुमच्याशिवाय कुणाचा हात लागलाय त्याला?"

काच साबणाने धुतली, कडी तशीच. मग काचेतच खोट असणार म्हणून दुसरी आणली, ती भिंतीवरच्या घड्याळाची. कडी. कपाटाच्या दाराची. कडी. तपासनिसांचं निरोपाच्या समारंभातलं सन्मानपत्र होतं, त्याचीही काच निघाली. "इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल" आता उघड्यावर धूळ खाऊ लागलं. चार दिवसांत घरात चष्मे सोडून काच म्हणून काही जागेवर राहिलं नाही.

घड्याळाचं प्रकरण वेगळंच चिघळलं. काच नसलेलं घड्याळ टेबलावर पडलेलं बघून सासूबाईंना फार आनंद झाला. त्यांना काटे दिसत नव्हते, पण आता हाताला लागत होते. त्या येता जाता चाचपून वेळ बघायच्या, आणि दर वेळी मोठा काटा बोटासरशी जरा मागे जायचा. घर हळूहळू जगाच्या मागे पडत गेलं. बायकोची ऑफिसची बस चुकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकली. तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला विचारलं, "हे तुमच्यामुळे की बाबांमुळे?"

"फिल्ममुळे," तपासनीस म्हणाले. "मी काय करू? सपाट म्हणजे सपाट. एवढी साधी गोष्ट, आणि एका वस्तूला ती जमू नये?"

शेवटी काच कापणाऱ्या दुकानात जाऊन त्यांनी त्या दुकानदारालाच झापलं, की तुम्ही लोक रंगीत काचा विकता. तो म्हणाला, "साहेब, गुळगुळीतावर गुळगुळीत ठेवलं की होतं तसं. माझ्याकडे दुसरी नाही. तुमच्या बाथरूमला कसली आहे?" बाथरूमच्या खिडकीला एका बाजूने बारीक खरखरीत, दुधी काच होती. बायकोने सांगितलेली भाजी न घेताच तपासनीस घरी परतले.

दुधी काच खाली, तिच्या खरखरीत बाजूवर पट्टीची चकचकीत बाजू, आणि पट्टीच्या मंद बाजूवर टेबलाची साधी काच. फोटो काढायला त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. साडू आले होते. कॅमेरा परत न्यायला, आणि उन्हातून आल्यामुळे आधी हातपाय धुवायला. ते सरळ बाथरूममध्ये गेले, आणि गेले त्यापेक्षा लवकर बाहेर आले.

"तपासनीस, तुमच्या बाथरूमला खिडकी नाहीये."

"आहे की."

"भोक आहे. समोरच्या गच्चीत एक बाई झाडांना पाणी घालत होत्या. मी शर्ट काढला तेव्हा त्यांनी मला हात केला."

"मग तुम्ही काय केलंत?" बायकोने विचारलं.

"मीही केला. काय करणार? ओळख ना पाळख, पण उघडं उभं राहून उद्धटपणा कसा करायचा?"

"तुम्हाला त्या बाईची पडलीय," तपासनीस उसळले. "इथे सासरे काचेखाली आहेत."

साडू वाकले. बायको वाकली. तपासनिसांनी बटण दाबलं. कडी नाहीत. कड वळलेली नाही. कॉम्प्युटरवर चित्र उलटं करून मोठं केलं, तेव्हा पायऱ्यांच्या भेगा दिसल्या, पोरांच्या गुडघ्यांवरचे ओरखडे दिसले. उजव्या कडेला सरकले. दाराच्या चौकटीतला खिळा दिसला, खिळ्याचं डोकं दिसलं, त्यावरचा गंजसुद्धा दिसला. आणि त्या खिळ्याशेजारी सासरे होते, पिठात पडल्यासारखे.

मग साडूंनी खिळ्यावर बोट ठेवलं. "खिळा स्वच्छ आहे. म्हणजे फिल्म सपाट आहे. हलले तेच. टायमर लावून पळत आले, आणि थांबायच्या आतच फोटो निघाला."

तपासनीस खुर्चीत बसले. खोट फिल्मची नव्हती, काचेची नव्हती, स्टुडिओवाल्याचीही नव्हती. ती सासऱ्यांच्या पायांत होती आणि त्यांना खडसवायची सोय राहिली नव्हती. ते खरोखर संतापले, आणि संतापाच्या खाली त्यांना रडूही येत होतं. "एवढा जन्म दुसऱ्यांना हलू नका, हलू नका म्हणत गेला यांचा," ते म्हणाले. "स्वतःवर वेळ आली तर क्षणभर उभं राहता येऊ नये? आता आईंना काय सांगू मी?"

"काय सांगायचंय?" सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या होत्या. "लावा तो टीव्हीवर."

"आई, चेहरा नीट नाही आला."

"लावा म्हणते ना."

फोटो टीव्हीवर लागला. सासूबाई अगदी जवळ खुर्ची घेऊन बसल्या आणि मान जराशी वळवून, आपल्या नजरेला जमेल तसं बघू लागल्या. मधली मंडळी त्यांना दिसत नव्हतीच. त्यांनी हात पुढे करून पडद्याच्या उजव्या कडेवर ठेवला.

"हेच," त्या म्हणाल्या. "असेच यायचे घरात. चप्पल एकीकडे, पिशवी दुसरीकडे. उभे राहिलेले मला आठवतसुद्धा नाहीत." त्या बराच वेळ बघत राहिल्या. चेहरा पुसट होता, पण दात दिसत होते. पळताना ते हसत होते. मग त्या म्हणाल्या, "हे आज निघालं?"

"पहिल्या दिवशी निघालं होतं," बायकोने सांगून टाकलं. "तेव्हाही असंच होतं."

"मग बाथरूमची काच कशाला काढलीत, जावईबापू?"

तपासनिसांनी टायमरची बाजू घेतली. टायमर भरपूर वेळ देतो. माणूस न धावता, मोजून पावलं टाकत आला तर आरामात पोचतो, वर श्वास घ्यायलाही उरतो. साडूंना हे पटेना. तपासनीस म्हणाले, आत्ता दाखवतो. कॅमेरा सरळ केला, सासूबाईंना मधे बसवलं, लेक आणि साडू दोन बाजूंना. तपासनिसांनी टायमर लावला आणि मोजून पावलं टाकत निघाले. अर्ध्या वाटेत टेबलाची काच आडवी आली. तिला वळसा घालावा लागला. शेवटची दोन पावलं त्यांनी उडी मारली.

फोटो टीव्हीवर आला तेव्हा बायकोने पदर तोंडाला लावला. साडू बाहेर जाऊन खोकून आले. तिघं स्वच्छ बसली होती आणि उजव्या कडेला शर्टाचा एक पट्टा आडवा उडत होता.

"पुसून टाका तो," तपासनीस साडूंना म्हणाले.

"थांबा," म्हणत सासूबाई पडद्याशी वाकल्या. मान वळवून त्यांनी कडेला बघितलं. "मधलं कोण कोण आहे ते मला काही दिसत नाही. पण जावईबापू, तुम्ही फार छान आलात."

फोटो पुसला जायच्या आत तपासनिसांनी साडूंच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. घड्याळाची काच त्यांनी पुन्हा बसवली नाही, आणि बायको तेव्हापासून बसची वेळ शेजाऱ्यांना विचारते.