सिग्नलवर चढलेलं घोसाळं

"बघत ऱ्हावा! शिमग्यापर्यंत या स्टँडवर हिरवागार मांडव नसला, तर धर्मा नाव लावणार न्हाय!"

रिक्षास्टँडवर धर्माने ही गर्जना केली, तेव्हा ऊन असं होतं की सीटवरचं गिऱ्हाईक भाकरीसारखं फुगावं! चौकातली झाडं रस्तारुंदीत गेलेली, उरल्यासुरल्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसलेले. गवताची काडी उगवायची म्हटलं तरी जागा नाही!

धर्माने रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरली, घोसाळ्याचं बी टोचलं आणि डब्यापासून स्टँडच्या पाटीपर्यंत सुतळी बांधली. शेजारी गाडीवर ऑम्लेट-पाव विकणाऱ्या तैयबाचाची रोज पाणी घालू लागल्या. वेल तरारला. पण सुतळीकडे ढुंकूनही न बघता निघाला तो थेट सिग्नलच्या खांबावर! वर पोचून त्याने लाल दिव्यालाच कडकडून मिठी मारली.

दिवाच दिसेना, मग थांबतंय कोण? मांडवा बंदरावरची बोट गाठायला निघालेले चारही बाजूंनी घुसले. हॉर्न, शिव्या आणि मधोमध अडकलेला मासळीचा टेम्पो! वाहतूक पोलीस कल्पिता मॅडम धावत आल्या.

"कुणाचा हा वेल? तोडा आधी!"

"मॅडम, लेकरासारखा वाढवलाय वो!" धर्मा काकुळतीला आला.

मॅडम झापायला म्हणून वेलाखाली सरकल्या. मानेवर सावली पडली आणि आवाज आपोआप उतरला.

"बरं, तोडू नका. हळूच सोडवून सुतळीवर घ्या."

झालं! अख्खा स्टँड मदतीला धावला.

"इकडून ओढ!"

"अरे येड्या, तिकडून!"

तट्‌! वेल बुडापासून तुटला.

धर्मा तुटका वेल मांडीवर घेऊन फुटपाथवर बसला. चाचींनी त्याच्यापुढे चहा ठेवला.

"तोंड पाडू नको, बेटा. परत लावू."

त्याचं तोंड बघवेना, म्हणून संध्याकाळपर्यंत जो तो डब्यात बी टोचून गेला. दुधी, पडवळ, दोडका... मॅडमनी घरून कारल्याचंही आणलं! कबुतरांनी मनसोक्त जेवण केलं आणि त्यातून वाचून उगवलं एकच रोप. सगळा स्टँड वाकून बघू लागला.

"कसला वेल हाय?" धर्माने विचारलं.

चाची ओशाळल्या. "वेल नाही रे, मिरची आहे. मीच टाकली. ऑम्लेटला लागते ना!"

धर्माने कपाळावर हात मारला. मग गुपचूप रिक्षा सुरू केली आणि डब्याजवळ आडवी लावली.

कोवळ्या रोपाला ऊन लागत होतं!